नवी मोटार, तिची खोट आणि ग्राहकाचा हक्क

मडके विकत घेणारी बाई ते टिचकी मारून वाजवून घेते. धान्य घेणारा मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारतो, आणि बैल घेणारा त्याचे दात पाहतो. ह्या सर्व रीतींच्या मागे एकच समजूत आहे : जो विकत घेतो त्याने नीट पाहून घ्यावे, मागाहून तक्रार करू नये. बाजारातली वस्तू जोपर्यंत डोळ्यांना दिसणारी आणि हाताला कळणारी होती, तोपर्यंत ह्या समजुतीत फारसा अन्याय नव्हता.

मोटारगाडीला टिचकी मारून काही कळत नाही. तिच्यात हजारो सुटे भाग असतात, त्यांतले बहुतेक झाकलेले. आणि अलीकडच्या गाड्यांत तर इंजिनापासून ब्रेकपर्यंत पुष्कळसा कारभार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या हाती गेलेला आहे. खरेदीदार पाहतो तो रंग, बैठक आणि किंमत. बाकीच्या सर्व गोष्टींत तो कारखानदाराच्या शब्दावर विसंबतो. म्हणजे मोटार घेणारा माणूस वास्तविक दोन वस्तू विकत घेतो : एक यंत्र आणि एक वचन. यंत्र बिघडले तर ते दुरुस्त होऊ शकते. वचन मोडले तर काय करावयाचे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ सुखवस्तू लोकांचा आहे असे कोणी समजू नये. आमचा रोजचा संबंध रिक्षा, टॅक्सी आणि टेंपो चालविणाऱ्या कामगारांशी येतो. पगारदार माणसाची गाडी वर्कशॉपमध्ये गेली तर तो बसने कामावर जातो. टेंपोवाल्याची गाडी वर्कशॉपमध्ये गेली तर त्याचे कामच जाते. गाडी बंद असली म्हणून कर्जाचा हप्ता बंद राहत नाही. तीन महिन्यांत पाच वेळा दुरुस्तीला गेलेली नवी गाडी आम्ही पाहिली आहे आणि दर वेळी मालकाच्या हाती 'आता ठीक आहे' एवढ्या तोंडी आश्वासनापलीकडे काहीही पडले नाही, हेही पाहिले आहे. अशा माणसाला कायद्याने हक्क दिलेला आहे. तथापि हक्क असणे आणि तो पदरात पडणे ह्यांत मोठे अंतर असते. आणि ते अंतर दोनच गोष्टींनी तोडता येते. एक लेखी पुरावा आणि दुसरी माणसांची एकजूट.

'पाहून घ्या' हा न्याय कसा मागे पडला

'खरेदीदाराने सावध असावे' हे तत्त्व इंग्रजी कायद्यात फार जुने आहे. त्यास मोटारीनेच पहिले मोठे हादरे दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात एका माणसाने बुइक कंपनीची गाडी विक्रेत्याकडून घेतली. तिच्या चाकाचे लाकडी आरे सदोष होते. ते मोडले, गाडी कोलमडली आणि तो जखमी झाला. कंपनीचे म्हणणे असे की, आमचा करार विक्रेत्याशी. ह्या गृहस्थाशी आमचा संबंध काय? शिवाय चाक आम्ही दुसऱ्या कारखान्याकडून घेतले होते. १९१६ साली न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी हा बचाव फेटाळला. जी वस्तू निष्काळजीपणे बनविल्यास माणसाच्या जिवाला धोका पोहोचतो, आणि जी विक्रेत्याखेरीज दुसराच कोणी वापरणार हे कारखानदारास ठाऊक असते, तिच्याबद्दल कारखानदार वापरणाऱ्याला जबाबदार आहे, असा तो निर्णय होता.

दुसरी गोष्ट १९५५ सालची. न्यू जर्सी राज्यात एका गृहस्थाने पत्नीला भेट देण्यासाठी प्लिमथ गाडी घेतली. दोन आठवडेही झाले नव्हते, गाडी ५०० मैलसुद्धा चालली नव्हती, तोच स्टीअरिंग दगा देऊन गाडी भिंतीवर आदळली. विक्रीच्या कागदाच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापले होते की, कंपनीची जबाबदारी सदोष भाग बदलून देण्यापुरतीच आहे, आणि तीही ९० दिवस अथवा ४००० मैल एवढीच. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली हे कलम अमान्य केले. कारण कामगार चळवळीतल्या माणसाला चटकन पटणारे आहे. सर्व बड्या कंपन्या हमीपत्राचा तोच एक छापील नमुना वापरीत होत्या. ग्राहकाने एक दुकान सोडून दुसऱ्या दुकानात जायचे म्हटले तरी तिथेही तोच कागद त्याच्या पुढे येणार. जेथे निवड नाही तेथे खुषीचा करार नाही. एकटा मजूर आणि बडा मालक यांच्यातल्या 'करारा'विषयी कामगार संघटना जे सांगत आल्या, तेच न्यायालयाने गिऱ्हाइकाविषयी सांगितले.

आपल्या देशात १९३० सालचा मालविक्री कायदा आजही लागू आहे. त्याच्या सोळाव्या कलमात 'पाहून घ्या' हे तत्त्व आहे. परंतु त्यास अपवादही तेथेच आहेत. विक्रेता ज्या मालाचा व्यापार करतो तो माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही अट कागदावर लिहिलेली नसली तरी करारात आहे असे धरले जाते. ह्या कायद्याने 'अट' आणि 'हमी' यांत भेद केला आहे. अट मोडली तर ग्राहक माल नाकारू शकतो. हमी मोडली तर भरपाई मागू शकतो. मात्र एकदा माल स्वीकारला की अट मोडल्याचा इलाजही सामान्यतः भरपाईपुरताच उरतो. म्हणून गाडी ताब्यात घेण्याचा दिवस आणि त्यानंतरचे थोडे दिवस यांना मोठे महत्त्व आहे. त्या दिवशी लोक हार, नारळ आणि पेढे यांत गुंतलेले असतात.

आजचा कायदा

मालविक्री कायद्याखाली दाद मागण्यास दिवाणी न्यायालयात जावे लागे, आणि तेथला खर्च व कालावधी सामान्य माणसाला परवडत नसे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. अशा चळवळींच्या रेट्यातून १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून अमलात आहे.

ह्या कायद्यात 'ग्राहक' कोण, हा पहिला प्रश्न. व्यापारासाठी वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, असे कायदा म्हणतो. येथे पुष्कळ रिक्षावाले आणि टेंपोवाले आपण होऊनच मागे फिरतात. 'आमची तर धंद्याची गाडी' असे म्हणतात. परंतु स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ही व्यापारी हेतूची धरावयाची नाही, असे त्याच कलमात स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स ह्या १९९५ च्या खटल्यात रिक्षा आणि ट्रक यांचीच उदाहरणे घेतली : स्वतः चालविण्यासाठी गाडी घेणारा ग्राहक आहे; मदतीला एकदोन माणसे असली तरी तो ग्राहकच राहतो. गाडी घेऊन ती सर्वस्वी दुसऱ्याकडून चालवून घेणारा मात्र ह्या व्याख्येत बसत नाही.

दुसरा प्रश्न, 'दोष' कशाला म्हणावयाचे? कायद्याने, कराराने अथवा विकणाऱ्याने केलेल्या दाव्याने जो दर्जा असावयास हवा, त्यात कसलीही उणीव असणे म्हणजे दोष. येथे विकणाऱ्याचा दावाही धरला आहे, हे विसरू नये. जाहिरातीत एक सांगितले आणि गाडीत दुसरे निघाले, तर तोही दोषच.

तिसरा प्रश्न, मागता काय येते? दोष काढून द्या, गाडी बदलून द्या, किंमत व्याजासह परत करा, झालेल्या नुकसानीची भरपाई द्या, तक्रारीचा खर्च द्या, असे हुकूम ग्राहक आयोग देऊ शकतो. ५० लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेली असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करावयाची. त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि पुढे राष्ट्रीय आयोग. तुम्ही जेथे राहता अथवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय चेन्नईत आहे म्हणून चेन्नईस जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूस फी नाही. पाच ते दहा लाखांस २०० रुपये, दहा ते वीस लाखांस ४०० रुपये, वीस ते पन्नास लाखांस १००० रुपये. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हावे लागते. 'पुढच्या सर्व्हिसला बघू' असे ऐकत ऐकत दोन वर्षे कशी निघून जातात, हे ज्याचे त्याला कळतही नाही.

तीन अडसर

इथपर्यंत सर्व सोपे वाटते. परंतु नवी गाडी बिघडली म्हणजे दुसरी नवी गाडी मिळाली, असे कायदा म्हणत नाही. मध्ये तीन अडसर आहेत.

पहिला अडसर हमीपत्राचा. हमीपत्र म्हणजे कारखानदाराने आपण होऊन घातलेली आपल्या जबाबदारीची चौकट. त्यात बहुधा 'सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देऊ' एवढेच लिहिलेले असते. मारुती उद्योग कंपनीच्या एका गाडीच्या क्लचविषयीचा वाद २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. खालच्या आयोगांनी गाडीच बदलून द्या असे म्हटले होते. न्यायालयाने ते बदलले : हमीपत्रात भाग बदलण्याचे कबूल केले आहे, भाग बदलून दोष जात असेल तर सबंध गाडी बदलण्याचा हुकूम योग्य नव्हे. ह्यातून शिकावयाचे ते असे की, एक भाग बिघडला आणि तो बदलून दिला तर आपला हक्क बहुतेक तेथे पुरा होतो. भाग बदलूनही तोच बिघाड पुन्हा पुन्हा उद्भवतो, म्हणजे खोट भागात नसून गाडीच्या मुळातच आहे, हे दाखविता आले तर गोष्ट वेगळी.

दुसरा अडसर पुराव्याचा. ही खोट मुळातली आहे की वापरातली, हे ठरवावयाचे कसे? कंपनी म्हणते, चालविणाऱ्याला क्लचवरून पाय काढता येत नाही. इंधन भेसळीचे भरले. सर्व्हिस वेळेवर केली नाही. वर्कशॉपच्या चकरा पुष्कळ झाल्या एवढ्यावरून उत्पादनातला दोष सिद्ध होत नाही, असे ग्राहक आयोगांचे अनेक निकाल आहेत. येथे कायद्याचे अडतिसावे कलम उपयोगी पडते. तपासणीवाचून जो दोष कळणार नाही, त्यासाठी आयोग वस्तू योग्य त्या प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते, ही तयारी ठेवावी. फियाट कंपनीच्या गाडीविषयी २०१० साली सर्वोच्च न्यायालयात आलेल्या प्रकरणात निकालाची सारी मदार स्वतंत्र तज्ज्ञाच्या तपासणीवरच होती : मूळचाच दोष निघाला तर किंमत व्याजासह परत. म्हणून तज्ज्ञाकडून तपासणीची मागणी तक्रारीबरोबरच लेखी करावी, आणि गाडी त्या अवस्थेत राहील अशी काळजी घ्यावी.

तिसरा अडसर, जबाबदार कोण? विक्रेता कारखान्याकडे बोट दाखवितो आणि कारखाना विक्रेत्याकडे. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ साली नव्या गाडीची पूर्ण किंमत भरली, आणि त्याला आधी चाललेली २००९ सालची गाडी देऊ करण्यात आली. खालच्या आयोगांनी विक्रेता व कंपनी दोघांनाही जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली टाटा मोटर्स कंपनीला त्यातून मोकळे केले. विक्रेता कंपनीकडून माल विकत घेतो आणि स्वतःच्या नावाने विकतो; त्याच्या गैरवर्तनाची कंपनीला माहिती होती हे दाखविल्याखेरीज कंपनीला त्यात ओढता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ह्याचा अर्थ असा की, विक्रीतल्या लबाडीबद्दल विक्रेता जबाबदार आणि बनावटीतल्या खोटीबद्दल कारखाना. आरंभी कोणाचे काय चुकले हे ग्राहकाला कळत नाही. म्हणून नोटीस आणि तक्रार दोघांच्याही नावाने करावी, आणि प्रत्येकाचा दोष वेगवेगळा मांडावा.

दोष असा असेल की त्यामुळे माणूस जखमी झाला, तर कायदा अधिक कडक आहे. २०१९ च्या कायद्यात ह्यासाठी 'उत्पादन दायित्व' असे स्वतंत्र प्रकरण घातले आहे. कारखानदाराने मुद्दाम हयगय केली हे सिद्ध करण्याची गरज तेथे नाही. बनावटीत किंवा आराखड्यात दोष होता आणि त्यामुळे इजा झाली, एवढे पुरते. मात्र नुसत्या गाडीचे नुकसान ह्या प्रकरणात येत नाही, त्यासाठी वर सांगितलेला मार्ग आहे. ह्युंदाई कंपनीच्या एका गाडीला २०१७ साली दिल्ली-पानिपत रस्त्यावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. हे प्रकरण जुन्या कायद्याखालचे होते. पुरेसा आघात झाला नाही म्हणून त्या उघडल्या नाहीत, असे कंपनी म्हणाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली उत्तर दिले, त्याचा आशय असा की, टक्कर झाली तर एअरबॅग उघडेल ह्या समजुतीने ग्राहक गाडी घेतो. वेग आणि बल यांची गणिते करीत बसणे हे त्याचे काम नव्हे. गाडी बदलून देण्याचा व भरपाईचा हुकूम कायम राहिला.

कागद कसा तयार होतो

कारखान्यात ज्याची हजेरी मांडली नाही त्याचा दिवस भरला नाही, असे धरतात. ग्राहक आयोगातही तसेच आहे. जे नोंदले गेले नाही ते घडले नाही. म्हणून नोंद कशी ठेवावी ते सांगतो.

गाडी दिवसाउजेडी ताब्यात घ्यावी. चासीचा आणि इंजिनाचा नंबर कागदांशी ताडून पाहावा. गाडी कोणत्या महिन्यात व वर्षात तयार झाली आणि किती किलोमीटर चालली आहे, हे पाहून लिहून ठेवावे. विक्रीचा दाखला म्हणजे नमुना २१ आणि गाडी रस्त्यावर आणण्यास योग्य असल्याचा कारखान्याचा दाखला म्हणजे नमुना २२, हे दोन्ही मागून घ्यावेत. काही खोट दिसली तर ती पोचपावतीवर लिहावी, मग सही करावी.

गाडी दुरुस्तीस गेली की जॉबकार्ड तयार होते. हाच पुढे सर्वांत मोठा पुरावा ठरतो, आणि हाच बहुतेक लोक न वाचता सही करून देतात. 'चढावर गिअर निसटतो' अशी तक्रार तुम्ही सांगता आणि कागदावर 'सर्वसाधारण तपासणी' एवढेच लिहिले जाते. असे होऊ देऊ नये. आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहवून घ्यावी. गाडी दिल्याची व परत घेतल्याची तारीख आणि किलोमीटर प्रत्येक वेळी नोंदवावे. एक प्रत मागून घ्यावी. परत घेताना 'काम समाधानकारक झाले' अशा छापील ओळीखाली डोळे मिटून सही करू नये. समाधान झाले नसेल तर तसे लिहावे. बिघाड आवाजाचा किंवा दिव्याचा असेल तर मोबाइलवर त्याचे चित्रण करून ठेवावे.

हमीच्या मुदतीत ठरलेली सर्व्हिस चुकवू नये आणि बाहेरच्या मिस्त्रीकडून गाडी उघडून घेऊ नये. मिस्त्री कितीही हुशार असो. कंपनीचा वकील पहिला बोट त्यावरच ठेवील. रागाच्या भरात कर्जाचा हप्ताही थांबवू नये. बँकेचा करार निराळा आहे. गाडी सदोष आहे हे बँकेला सांगून उपयोग होत नाही आणि गाडी ओढून नेली गेली तर पुरावाच हातचा जातो. भरलेले व्याज आणि बुडालेले उत्पन्न भरपाईत मागावे. त्यासाठी टेंपोवाल्याने रोजच्या कमाईची वही आधीपासून ठेवलेली बरी.

दोनतीन दुरुस्त्यांनी खोट गेली नाही की विक्रेता व कारखाना दोघांना लेखी कळवावे, उत्तराची मुदत द्यावी, आणि मुदत संपताच आयोगाकडे जावे. १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुष्कळ तंटे तेवढ्यानेही मिटतात.

कायद्याची उणीव

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायद्यात लिहिले आहे की तक्रारीचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत आणि तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत लागावा. प्रत्यक्षात वर्षे लागतात. वर सांगितलेला एअरबॅगचा अपघात २०१७ चा आणि शेवटचा निकाल २०२२ चा. कंपनी अपील करते. त्यासाठी तिला हुकमाच्या निम्मी रक्कम भरावी लागते, ही नव्या कायद्यातली चांगली तरतूद. हुकूम न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. पण तोपर्यंत टेंपोवाल्याने काय खावे?

मुळातली उणीव अशी की, नव्या गाडीला किती वेळा दुरुस्त करण्याची संधी कंपनीला द्यावयाची, ह्याचा आकडा आपल्या कायद्यात नाही. अमेरिकन बोलीत मुळातच खोटी निघालेल्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. त्यावरून तेथल्या राज्यांनी केलेल्या कायद्यांना 'लिंबू कायदे' असे नाव पडले. पहिला कनेक्टिकट राज्यात १९८२ साली झाला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात १८ महिने अथवा १८ हजार मैल यांच्या आत एकाच दोषासाठी चार वेळा, किंवा जिवाला धोका असलेल्या दोषासाठी दोन वेळा दुरुस्ती करूनही तो गेला नाही, अथवा गाडी एकूण तीस दिवसांहून अधिक वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असे धरले जाते. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष वस्तू तीस दिवसांच्या आत परत करता येते. त्यानंतर एक दुरुस्ती फसली तरी ती नाकारता येते. आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे धरून चालतात. तसा नव्हता हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर असतो.

ह्या शेवटच्या तरतुदीत सारे मर्म आहे. कारखान्यापाशी आराखडे आहेत, इंजिनिअर आहेत, चाचण्यांचे दप्तर आहे. ग्राहकापाशी फक्त बिघडलेली गाडी आहे. अशा दोघांत पुरावा आणण्याचे ओझे ग्राहकाच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे हमालाला ओझे देऊन वर मालकाला मोटारीत बसविण्यासारखे आहे. दुरुस्तीच्या संधींचा ठरलेला आकडा आणि पहिल्या सहा महिन्यांत पुराव्याचा भार कंपनीवर, एवढ्या दोन गोष्टी आपल्या कायद्यात याव्यात, अशी आमची मागणी आहे.

एकाची गाडी, अनेकांची तक्रार

कारखान्यात गाड्या एकेकट्या तयार होत नाहीत. एका साच्यातून हजारो निघतात. म्हणून एका गाडीची मुळातली खोट बहुधा अनेक गाड्यांत असते. शितावरून भाताची परीक्षा होते, पण कंपनी म्हणते की हे एकच शीत कच्चे. दहा जणांनी दहा शिते पुढे ठेवली तर तसे म्हणता येत नाही. कायद्यालाही हे मान्य आहे. सारखीच तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करू शकतात, आणि नोंदलेली ग्राहक संस्थाही करू शकते.

याहून मोठे हत्यार मोटार वाहन कायद्यात आहे. पूर्वी सदोष गाड्या परत बोलावणे कंपन्यांच्या मर्जीवर होते. २०१२ साली मोटार उत्पादकांच्या संघटनेने त्यासाठी स्वेच्छेची नियमावली केली. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात ११० अ हे कलम आले, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. रस्त्याला, पर्यावरणाला किंवा माणसांना घातक ठरणाऱ्या दोषाच्या तक्रारी एका प्रकारच्या गाड्यांबाबत ठरावीक प्रमाणात आल्या, तर केंद्र सरकार त्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. त्या प्रमाणाची मोजणी तक्रारींवरून होते. जो ग्राहक 'जाऊ द्या, कोण भांडत बसतो' म्हणून तक्रार नोंदवीत नाही, तो आपलेच नुकसान सोसतो असे नव्हे; त्याच गाडीत आपली मुले बसविणाऱ्या शेकडो अनोळखी माणसांच्या बाजूचे एक मत तो कमी करतो.

कोणी असे विचारील की, कामगार चळवळीतल्या माणसाने कारखान्याच्या मालाविरुद्ध बोलावे काय? कारखान्याचे नाव खराब झाले तर कामगाराचीच भाकरी जाते ना? आमचे उत्तर असे की, ज्याच्या हाताने बोल्ट आवळला जातो त्याला खोट लपविण्यात कसलाही लाभ नाही. बोल्ट किती सेकंदांत आवळावा हे तो ठरवीत नाही, आणि स्वस्त भाग कोठून आणावा हेही नाही. खोट्या मालाची किंमत कारखानदाराला मोजावी लागू लागली, तरच लाइनवरचा वेग आणि तपासणीतली काटकसर यांचा फेरविचार होईल. त्या दिवशी ग्राहकाचे आणि कामगाराचे काम एकदमच होईल.

तूर्त प्रत्येक गावच्या वाचनालयात किंवा संघटनेच्या कचेरीत एक साधी वही ठेवता येईल. गाडीचा प्रकार, तयार झाल्याचा महिना, खोट काय, वर्कशॉपच्या किती फेऱ्या, एवढेच रकाने. एकाच प्रकारच्या गाडीची एकच खोट त्या वहीत चौथ्यांदा लिहिली गेली, की त्या चौघांनी एकमेकांस भेटावे आणि मिळून अर्ज करावा.